न निघालेला धूर

ताईने रेडिओ आणला तो जुन्या चादरीत गुंडाळून. टॅक्सीच्या मागच्या सीटवर तो भाऊजींच्या मांडीवर होता, आणि कुणीतरी तान्हं मूल सोपवून पळून जावं तसे भाऊजी अवघडून बसले होते. मी चादरीचं टोक बाजूला केलं. डाव्या कोपऱ्यात लाकडाचा नखाएवढा टवका उडालेला दिसला. तो मीच उडवला होता, सात वर्षांचा असताना, त्याच्यावर चढायचा प्रयत्न करून.

"हा तर तू भंगारवाल्याला दिला होतास ना?" मी विचारलं.

"तेव्हा तसं सांगितलं. देववला नाही," ताई म्हणाली. "माळ्यावर होता."

मला इतका आनंद झाला होता की त्या उत्तराकडे माझं लक्षच गेलं नाही. मी रेडिओ छातीशी धरून आत निघालो आणि ताईचा हात धरायचा विसरलो. उंबऱ्याला तिचा पाय अडखळला तेव्हा भाऊजींनी तिला सावरलं.

ताईचे डोळे दोन वर्षांपासून उतरणीला लागले होते. काचबिंदू. बाबांचंच दुखणं, त्यांना सत्तरीत गाठलं, हिला पासष्टीत. उजवा डोळा गेल्यात जमा होता आणि डाव्याने फक्त समोरचं दिसायचं, कडेचं नाही. वाचन सुटलं होतं.

"आता कानांवरच दिवस काढायचेत," ती म्हणाली. "म्हटलं, बाबांचा रेडिओ चालू होतो का बघ."

"अगं, नवा आणू की. खिशात मावतो असला," भाऊजी म्हणाले.

"मला हाच हवाय."

मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं जमिनीखालच्या केबली जोडण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत व्हॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्त करायला लागलो. बायको त्या खोलीला दवाखाना म्हणते. "असा दवाखाना बघितला नाही," ती आल्यागेल्याला सांगते, "पेशंट बरा झाला तरी घरी जात नाही." त्या वेळी खोलीत चौदा पेशंट होते. हा पंधरावा. पण ही सगळी विद्या मी शिकलो ती याच एका रेडिओवर.

बाबा शिंपी होते. त्यांच्या दुकानात मशीनच्या वर, फळीवर हा रेडिओ असायचा. जरा खरखर झाली की ते मशीन थांबवून मला हाक मारायचे, मी स्टुलावर चढून मागचा पत्रा उघडायचो. कपड्याच्या बाबतीत त्यांनी कुणाचं कधी ऐकलं नाही, पण रेडिओच्या बाबतीत धाकटा म्हणेल ती पूर्व दिशा. गिऱ्हाइकांनाही सांगायचे.

डोळे गेल्यावर ते ताईकडे राहायला गेले. आई तोवर नव्हती. ताई मोठ्या दवाखान्यात नर्स होती, भाऊजी छापखान्यात. मी नोकरीमुळे एका दिवसाच्या प्रवासावर. वर्षातून दोनदा जायचो, दर रविवारी फोन करायचो. बाबांचं सगळं ताईनेच केलं. हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो.

या रेडिओचं दुखणं काय ते मला तो उघडायच्या आधीच ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी ताईचा फोन आला होता.

"अरे, रेडिओतून भसकन धूर निघाला. जळका वास सुटला आणि आवाजच बंद."

"वास कसा होता? मेण जळल्यासारखा की रबर?"

"मेण."

"आतले दिवे लागतात?"

"लागतात."

झालं. नाडी न बघता मी निदान केलं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला. शेवटच्या व्हॉल्व्हमधून आलेला आवाज स्पीकरला देतो तो हा भाग, मुठीएवढा. तसा आता तुमच्या गावात मिळायचा नाही, मी म्हटलं. मग बाबांनी फोन घेतला.

"मला धुराचा वास नाही आला रे," ते म्हणाले. "आणि मागे हात धरला की ऊब लागते. गरम होतोय म्हणजे जीव आहे त्याच्यात. एकदा येऊन बघून जा."

"बाबा, गरम व्हॉल्व्ह होतात, ते वेगळं. आवाजाचा भाग जळालाय. आता नाही व्हायचा तो. आणि मागे हात घालू नका, आत तीनशे व्होल्ट असतात."

"तू म्हणतोस तर तसंच असणार," बाबा म्हणाले.

पुढच्याच महिन्यात ताईने सांगितलं की रेडिओ भंगारवाल्याला देऊन टाकला, उगाच बाबा रोज त्याचं बटण फिरवत बसतात. मी एक छोटा ट्रान्झिस्टर पाठवला. ताईने कळवलं की बाबा त्याला हात लावत नाहीत, पत्र्याचा आवाज म्हणतात. मला ते पटलं. बाबा बोललेच असते तसं. त्यानंतर दोन वर्षं आणि चार महिन्यांनी बाबा गेले.

म्हणून मी सगळ्यात आधी नवा ट्रान्सफॉर्मर शोधायला निघालो. बाजारात मागच्या बोळात एक म्हातारा दुकानदार आहे. त्याच्याकडे बुटांच्या खोक्यांत वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह असतात आणि तो ते अंड्यांसारखे हाताळतो. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"जुना मोजून बघितलात?"

"अकरा वर्षांपूर्वीच जळालाय तो."

"तुम्ही पाहिलात?"

"बहिणीने पाहिलाय. धूर निघाला होता."

"मग ठीक," तो म्हणाला आणि शिडीवर चढला.

घरी येऊन मी कामाला लागलो. जुना रेडिओ इतक्या वर्षांनी सरळ सॉकेटला लावायचा नसतो. लावला तर खरंच धूर निघतो. आधी धूळ काढली. तळाशी उंदराने कापसाचं घर केलं होतं, तेही काढलं. रबराचं आवरण असलेल्या तारा हात लावताच बिस्किटासारख्या चुरत होत्या, त्या एकेक बदलल्या. मेणकागदाचे कंडेन्सर सगळे नवे घातले. डायलचा काटा ओढणारा दोरा तुटला होता. तो चार चाकांवरून फिरवून बसवायला मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत माझ्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते ऐकून बायकोने दवाखान्याचं दार बाहेरून लावून घेतलं. मी खूश होतो. पंधरवडाभर मी मनाने त्या स्टुलावरच उभा होतो.

मग जुना ट्रान्सफॉर्मर काढायला घेतला आणि हात थांबला. त्याचा कागद पिवळट पण स्वच्छ होता. जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचं मेण वितळून खाली ओघळतं, थिजतं, काळं पडतं. इथं एक थेंब नव्हता. मीटर लावलं. आतल्या तारेच्या दोन्ही गुंडाळ्या शाबूत. मी मीटरची बॅटरी बदलून पुन्हा मोजलं.

मग त्यालाच जागेवर ठेवून मी रेडिओ लावला. मेन लाइनमध्ये शंभराचा एक बल्ब घालायचा, म्हणजे आत काही गडबड असली तर बल्ब भगभगीत पेटतो आणि रेडिओ वाचतो. बल्ब मंद झाला. व्हॉल्व्ह लालसर पेटले. डायलच्या वर एक हिरवा डोळा असतो, स्टेशन नीट लागलं की त्याची पापणी मिटते. मी बटण फिरवत गेलो. पापणी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. म्हणजे स्टेशनं लागत होती. रेडिओ ऐकत होता, बोलत तेवढा नव्हता.

मग राहिला फक्त स्पीकर. ट्रान्सफॉर्मरपासून स्पीकरपर्यंत दोन बारीक तारा जातात. कापडी नळीत असतात, चटकन दिसत नाहीत. नळी मागे सरकवली. एक तार अखंड होती. दुसरी मधोमध कापलेली होती. तार जुनी होऊन तुटली की टोकाचे धागे विस्कटतात, हिरवे पडतात. ही दोन्ही टोकं सुरीने काकडी कापावी तशी सरळ होती. आणि दोन्हींवर वेगवेगळी, नीट, पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. दवाखान्यातली, ड्रेसिंगची. पट्टीचं शेवटचं टोक जरासं आत दुमडलेलं.

ताई नर्सिंग शिकायला लागली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. माझे गुडघे कायम फुटलेले असायचे आणि तिला सराव हवा असायचा. दर वेळी ती पट्टीचं टोक असं दुमडायची. "म्हणजे काढताना नखाने खरवडावं लागत नाही," सांगायची. तिच्या वॉर्डातल्या दुसऱ्या नर्सा तिला यावरून हसायच्या, हेही तिनेच सांगितलेलं.

मी रेडिओ बंद केला. बायको चहा घेऊन आली, माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं? गेला का?"

"नाही," मी म्हटलं. "तो कधी गेलाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताईकडे गेलो. निवृत्तीनंतर ती आणि भाऊजी आमच्याच शहरात आले होते, बसने पाऊण तास. भाऊजी वाचनालयात गेले होते. ताई खिडकीपाशी बसून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती, बोटांनी चाचपून. मी तारेवरून काढलेली एक पट्टी तिच्या तळहातावर ठेवली.

तिने अंगठा फिरवला. दुमडलेलं टोक लागलं तसा अंगठा थांबला.

"बस," ती म्हणाली.

मी उभाच राहिलो. "ताई, धूर निघाला होता का?"

"नाही."

"वास?"

"नाही. मेण का रबर, असं तू विचारलंस. मी पहिला शब्द उचलला."

तिने मोजे बाजूला ठेवले आणि सांगायला लागली. आठवड्याला पाच रात्री ड्यूटी. सकाळी आठला घरी यायचं, तर रेडिओ साडेपाचपासून सुरू. बाबांचे कानही मंद झालेले, त्यामुळे आवाज पूर्ण वर. दोन दारं लावली तरी भिंतीतून यायचा. "मी समजावलं, भांडले, हात जोडले. म्हणायचे, माझ्याकडे दुसरं काय उरलंय? त्या महिन्यात मी एका बाईसाठी सिरिंजमध्ये दुप्पट औषध भरलं होतं. टोचायच्या आधी दुसरीने पाहिलं म्हणून वाचलो दोघी. त्याच सकाळी घरी आले, बाबा आंघोळीला गेले होते, आणि ड्रेसिंगची कात्री पर्समध्येच होती. आठ दिवस झोपते, मग जोडते, असं ठरवलं होतं. म्हणून तर टोक दुमडलं."

"मग जोडलं का नाहीस?"

"मग झोप लागायला लागली."

तिने पट्टी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "आणि बाबा माझ्याशी बोलायला लागले. आधी दिवसभरात चहा दे आणि दार लाव, एवढंच. रेडिओ गेला तसे हाक मारून बसवून घ्यायला लागले. वॉर्डात कोण आलं, कोण बरं झालं. मला त्यांनी जन्मात कधी काही विचारलं नव्हतं रे. सगळं तुझं आणि त्या रेडिओचं."

"माझ्याशी बोलणं बंद झालं होतं त्यांचं," मी म्हटलं. "फोनवर नुसतं हं, हं."

तिने बाजूचा एक मोजा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"तू कंटाळलीस, कापलीस तार, हे मी एक वेळ समजू शकतो," मी म्हटलं. "पण मला खोटं का सांगितलंस? नुसता बंद पडलाय म्हणाली असतीस तर मी आलो असतो."

"म्हणूनच. तू आला असतास तर पाच मिनिटांत कळलं असतं."

"आणि बाबांना काय सांगणार होतीस?"

"बाबांना माझं पटतच नव्हतं. म्हणत होते, गरम होतोय, धाकट्याला विचार. तू सांगितलंस की त्यांना पटणार होतं."

मी खुर्ची ओढून बसलो. बाबांनी वासाचं बरोबर सांगितलं होतं, उबेचंही बरोबर सांगितलं होतं. आंधळ्या माणसाने दोन्ही पुरावे नीट गोळा करून माझ्यापुढे ठेवले होते, आणि मी, चौतीस वर्षं तारा जोडणारा, त्यांना म्हटलं होतं की मागे हात घालू नका. घातला असता तर त्या शिंप्याच्या बोटांना कापलेलं टोक लगेच लागलं असतं. बाबांना पटलं ते खोटं ताई बोललीच नव्हती. ते मी बोललो होतो. मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

"आणि ट्रान्झिस्टर?" मी विचारलं.

तिने मान खिडकीकडे वळवली. "वॉर्डातल्या आयाला दिला. बाबांना दाखवलाच नाही."

"मी येऊन राहायचो तेव्हा रेडिओ कुठे होता?"

"मधल्या खोलीच्या माळ्यावर."

मधल्या खोलीत मी झोपायचो.

"भाऊजींना ठाऊक आहे हे?"

"नाही. अजून नाही."

"मग माझ्याकडे कशाला आणलास? दुसऱ्या कुणाला द्यायचा होतास. मला कधी कळलं नसतं."

"दिसेनासं व्हायला लागलं तसं रोज मनात यायला लागलं, बाबा तिथे बसून काय करत असतील दिवसभर. तोंडाने सांगवेना. म्हटलं, तू उघडशील तेव्हा दिसेल तुला."

"म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवर आलं तेव्हा कळलं."

"हो," ती म्हणाली. सारवासारव केली नाही, रडलीही नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मला एकदा सांगायचं होतंस, झोप होत नाही म्हणून. मी बाबांना माझ्याकडे नेलं असतं."

"नेलं असतंस?"

तिने ते अगदी साधेपणाने विचारलं. माझं घर तेव्हा दोन खोल्यांचं होतं. बाबांना नेतो असं मी कधी म्हटलं नव्हतं, ते ताईकडे होते त्या नऊ वर्षांत एकदाही नाही. हे मला तिथे बसल्या बसल्या आठवलं, आणि आजही टोचतं. पण त्या दुपारी ते तिच्या पदरात टाकायची माझी तयारी नव्हती.

"विचारलं असतंस तर कळलं असतं," मी म्हटलं आणि उठलो. जिन्यात भाऊजी भेटले, "अरे, चहा तरी," म्हणाले. मी म्हटलं, बस चुकेल.

रेडिओ तीन आठवडे माझ्या टेबलावर तसाच पडून होता. बाकीचं काम झालं होतं. अर्ध्या इंचाची तार आणि सोल्डरचे दोन थेंब, पाच मिनिटांचं काम. मी दुसरे रेडिओ उघडत होतो, मिटत होतो. ताईचे फोन बायको घ्यायची. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती ताईच्या बाजूने एक अक्षर बोलली नाही, मला वाटलं होतं बोलेल. एके सकाळी मात्र ती दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो, तो रेडिओ जोडणार आहात की नाही?"

"बघू."

"तुमच्या बाबांना दिसत नव्हतं, तेव्हा ताईंनी त्यांचा रेडिओ बंद ठेवला. आता ताईंना दिसत नाही, आणि रेडिओ तुम्ही बंद ठेवलाय. मला फक्त विचारायचं होतं की यात फरक काय." एवढं बोलून ती पाणी भरायला गेली.

मी इस्त्री तापवावी तशी सोल्डरिंगची सळई तापत ठेवली आणि ती तापेपर्यंत तिच्याकडे बघत बसलो. मग तार जोडली. बटण लावलं, व्हॉल्व्ह पेटायला अर्धं मिनिट गेलं, आणि एक बाई हवामान सांगायला लागली. आवाज तोच होता. जाड, लाकडातून येणारा, शिलाईच्या दुकानात भरून राहणारा. मी लगेच बंद केला. त्या आवाजासाठी माझी त्या दिवशी तयारी नव्हती. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा तो मी ऐकावा, हेही मला बरोबर वाटलं नाही. ज्यांनी ऐकायला हवा होता ते महिनाभर नुसतं बटण फिरवून, मग तेही काढून घेतल्यावर दोन वर्षं तसेच बसून, गेले होते.

रविवारी टॅक्सीने रेडिओ ताईकडे नेला. तिच्या पलंगाशेजारी टेबलावर ठेवला, एरियलची तार पडद्याच्या दांड्यावर नेली. तिचा हात धरून कुठलं बटण कशाचं ते दाखवलं, डायलच्या काचेवर तिला बोटाला लागतील अशा सोल्डरच्या चार टिकल्या चिकटवल्या होत्या त्या दाखवल्या. गिऱ्हाइकाला दाखवतो तसं सगळं सांगितलं. ती हं, हं म्हणत होती. रेडिओ लागला तेव्हा भाऊजी स्वयंपाकघरातून धावत आले.

"अरे वा. याचा आवाज विसरलोच होतो. बाबा असते तर..."

ताईने आवाज कमी केला.

"तू जेवून जा," ती मला म्हणाली.

"नको. कामं आहेत."

तिला ठाऊक होतं की रविवारी मला कामं नसतात. दारापर्यंत ती भिंतीला हात लावत आली. "चिडून राहा," ती म्हणाली, "पण येत जा." मी चपला पायात सरकवल्या. भाऊजी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना मी काही सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

आता मी ताईकडे जातो. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन जातो, भाऊजींचे गुडघे धरलेत. रस्ता ओलांडताना तिचा हात धरतो. कुणी पाहिलं तर म्हणेल, भाऊ असावा तर असा. ती अधूनमधून जुनं काहीतरी काढते, मी हसायच्या जागी हसतो.

पण परवा मला ताप होता म्हणून भाऊजीच तिला तपासायला घेऊन गेले. संध्याकाळी तिचा फोन आला. डोळ्यांतलं प्रेशर आटोक्यात आहे म्हणाले डॉक्टर, औषध तेच चालू ठेवायचंय, काळजी करू नकोस.

"बरं झालं," मी म्हटलं. फोन ठेवला आणि लगेच भाऊजींच्या मोबाइलवर लावला.

"डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहून दिला असेल. तो जरा वाचून दाखवा."

"का रे? तिने सांगितलं नाही का?"

"सांगितलं."

मग कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला आणि त्यांनी दोन्ही डोळ्यांचे आकडे सावकाश वाचून दाखवले. प्रेशर आटोक्यात होतं. ताई खरं बोलली होती. मी आकडे वहीच्या मागे लिहून घेतले आणि पुढच्या तपासणीची तारीख कधीची आहे, तेही त्यांनाच विचारलं.